शेजारी देशांच्या दोन गटांची तुलना कशी करावी

अमळनेरला मी स्पर्धा परीक्षेच्या आणि राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा एक छोटा वर्ग घेतो. तिथे ‘सार्क आणि बिमस्टेक यांची तुलना करा’ (सार्क हा दक्षिण आशियाई देशांचा गट, बिमस्टेक बंगालच्या उपसागराच्या परिसरातल्या देशांचा) असा प्रश्न घातला की दहापैकी नऊ वह्यांत एकच तक्ता उमटतो : डावीकडे सार्क, उजवीकडे बिमस्टेक आणि खाली ओळीने स्थापना, सदस्यसंख्या, सचिवालय, लोकसंख्या, एकूण उत्पन्न. तक्त्यातली माहिती बहुतेक वेळा अचूक असते, परीक्षक त्याला गुणही देतो, पण तो वाचून उठणाऱ्याला कोणता गट कोणाच्या कोणत्या कामाला येतो हे कळत नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात पारोळ्याकडच्या एका विद्यार्थिनीने असाच तक्ता घरी मोठ्याने पाठ केला. ओट्यावर बसलेल्या तिच्या आजोबांनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि एवढेच विचारले, “मंग कापूसनं काय व्हयनं?” तिने ही गोष्ट वर्गात हसत सांगितली. मी मात्र त्या दिवसापासून हा विषय शिकवण्याची रीत बदलली, आणि ती बदललेली रीत इथे लिहून ठेवतो आहे.

आधी ‘प्रतिस्पर्धी’ या शब्दाची झडती

दोन गट नकाशावर शेजारी दिसले म्हणजे ते प्रतिस्पर्धी ठरत नाहीत. एकच काम दोघेही अंगावर घेत असतील, किंवा एकाच देशाला दोघांपैकी एकाची निवड करावी लागत असेल, तरच तुलनेला अर्थ आहे. शांघाय सहकार्य संघटनेत भारत आणि पाकिस्तान २०१७ पासून आहेत, पण त्या संघटनेचा गाभा सुरक्षा आणि दहशतवादविरोधी सहकार्याचा असल्यामुळे तिला सार्कच्या मुक्त व्यापार कराराशेजारी ठेवून ‘कोण सरस’ असे विचारणे म्हणजे बैलगाडीची तुलना विहिरीशी करणे होय.

सर्वांत चोख उदाहरण युरोपातले आहे, म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो. १९५७ च्या रोम कराराने सहा देशांनी युरोपीय आर्थिक समुदाय उभा केला. त्यात न बसणाऱ्या किंवा बसू न इच्छिणाऱ्या सात देशांनी, ब्रिटनच्या पुढाकाराने, १९६० मध्ये स्टॉकहोम कराराने ‘एफ्टा’ हा मुक्त व्यापार संघ काढला. माल तोच, बाजार तोच, शेजारी तेच. प्रश्न एवढाच होता की शेजाऱ्याशी किती घट्ट बांधून घ्यायचे. ही स्पर्धा कशी निकाली निघाली हे कोणत्याही आकडेवारीपेक्षा अर्जांवरून कळते. एफ्टाचा प्रवर्तक ब्रिटन १९६१ मध्येच दुसऱ्या गटाच्या दारात अर्ज घेऊन उभा राहिला, फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी तो १९६३ मध्ये आणि पुन्हा १९६७ मध्ये अडवला, आणि अखेर १९७३ मध्ये ब्रिटन व डेन्मार्क एफ्टा सोडून तिकडे गेले. तेव्हा पहिला व्यावहारिक सल्ला असा : दोन गटांची नावे लिहिण्यापूर्वी कोण कोणत्या गटात जायला धडपडतो आणि कोणत्या गटातून बाहेर पडतो, याची तारीखवार यादी करावी.

सार्क आणि बिमस्टेक यांच्याबाबत ही यादी केली की एक गोष्ट लगेच दिसते. बांगलादेश, भूतान, भारत, नेपाळ आणि श्रीलंका हे पाच देश दोन्हीकडे आहेत. सार्कमधून पाकिस्तान, मालदीव आणि अफगाणिस्तान वगळा, म्यानमार आणि थायलंड घाला, की बिमस्टेकची सदस्ययादी तयार होते. म्हणजे ज्या दोन गोष्टींची तुलना आपण करणार आहोत, त्यांचा मोठा भाग एकच आहे. अशा वेळी एकूण लोकसंख्या आणि एकूण उत्पन्न यांची बेरीज करून दोन रकाने भरणे हे जवळजवळ भारतालाच भारताशी ताडून पाहणे होते, कारण दोन्ही बेरजांत सर्वांत मोठा आकडा भारताचाच असतो. तुलना उरलेल्या फरकाची करायची असते.

सनद वाचताना कोणते कलम आधी उघडावे

उद्दिष्टांचे कलम शेवटी वाचले तरी चालते. प्रत्येक गटाला शांतता, समृद्धी आणि परस्पर आदर हवा असतो. पहिल्यांदा उघडायचे ते निर्णय कसा होतो हे सांगणारे कलम. सार्कची सनद ८ डिसेंबर १९८५ रोजी ढाक्यात स्वीकारली गेली. तिचे दहावे कलम दोन वाक्यांत सारे काही सांगते : सर्व पातळ्यांवरचे निर्णय एकमताने होतील, आणि द्विपक्षीय व वादग्रस्त विषय चर्चेत घेतले जाणार नाहीत. पहिल्या वाक्याने प्रत्येक सदस्याच्या हाती नकाराधिकार दिला आणि दुसऱ्याने तो नकार ज्या भांडणातून येतो त्या भांडणावर बोलण्याची सोयच काढून टाकली. माझ्या मते सार्कचे पुढचे जवळजवळ सगळे चरित्र या दोन वाक्यांच्या जोडीत आहे.

हे कलम प्रत्यक्षात कसे चालते ते पाहण्यासाठी एकच प्रकरण शेवटपर्यंत नेऊ. नोव्हेंबर २०१४ मध्ये काठमांडूला अठरावी शिखर परिषद भरली. टेबलावर तीन करार होते : मोटार वाहने, रेल्वे आणि वीज. आपली अंतर्गत प्रक्रिया पूर्ण झालेली नाही असे पाकिस्तानने सांगितले आणि तिन्ही अडले. शेवटच्या क्षणी विजेच्या करारावर तेवढ्या सह्या झाल्या. ट्रकने एका देशातून दुसऱ्या देशात माल न उतरवता जावे, एवढ्या साध्या गोष्टीचा करार असा राहून गेला. मग जून २०१५ मध्ये बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ या चौघांनी थिंपूला आपापसांत मोटार वाहन करार केला. इथवर गोष्ट सरळ वाटते आणि बहुतेक उत्तरपत्रिका इथेच थांबतात. पण नोव्हेंबर २०१६ मध्ये भूतानच्या वरिष्ठ सभागृहाने तो करार नाकारला, कारण छोट्या, डोंगराळ देशात बाहेरचे ट्रक किती येणार ही त्यांची भीती होती, आणि पुढच्या वर्षी भूतानने ‘तुम्ही तिघे पुढे जा’ असे कळवले. म्हणजे अडथळा पाकिस्तानपुरता नव्हता. फरक इतकाच की चौघांच्या व्यवस्थेत एकाच्या नकाराने बाकीच्यांचे काम रद्द झाले नाही, जरी त्यांच्याही पुढच्या नियमावलीचे घोंगडे वर्षानुवर्षे भिजत राहिले.

आता बिमस्टेकची सनद उघडा. १९९७ मध्ये बँकॉकला चार देशांनी सुरू केलेल्या या गटाला सनद मिळाली ती मार्च २०२२ मध्ये, कोलंबोच्या परिषदेत, आणि ती लागू झाली २० मे २०२४ रोजी. तिच्यातही निर्णय सहमतीनेच होतात. हे वाचून माझे अनेक विद्यार्थी गोंधळतात, कारण ‘सार्क नकाराधिकाराने अडला म्हणून बिमस्टेक पुढे आला’ असे त्यांनी पाठ केलेले असते. खरे पाहता बिमस्टेकने नकाराधिकार काढलेला नाही. तो वापरणारा एक सदस्य काढला आहे. ही योजना दोन देशांचे आजचे संबंध बरे असेपर्यंत चालते. उद्या याच सातांपैकी दोघांचे बिनसले, तर कुलूप तेच आहे आणि किल्ल्याही प्रत्येकाकडे तशाच आहेत.

एक जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट : सार्कच्या सनदेचे सातवे कलम दोनपेक्षा जास्त, पण सगळ्या नव्हे, अशा सदस्यांच्या प्रकल्पांसाठी कृती समित्या नेमण्याची मुभा देते. चौघांच्या करारासाठी सनदेत खिडकी होती. ती कोणी फारशी उघडली नाही. म्हणून ‘नियमच तसे होते’ असा निष्कर्ष काढण्यापूर्वी सनदेची सगळी कलमे एकदा डोळ्यांखालून घालावीत.

किती घट्ट बांधले आहे

पसंतीचा व्यापार, मुक्त व्यापार क्षेत्र, सीमाशुल्क संघ, सामायिक बाजार या पायऱ्या पाठ्यपुस्तकात असतात. विद्यार्थ्यांना त्या पाठ होतात आणि परीक्षा संपताच विसरल्या जातात. ज्यांनी जकात नाक्यांचा काळ पाहिला आहे त्यांना त्या एका उदाहरणात कळतात. समजा जळगाव आणि धुळे यांनी ठरवले की एकमेकांच्या मालावर जकात घ्यायची नाही, पण बाहेरून येणाऱ्या मालावर जळगावने शेकडा दोन आणि धुळ्याने शेकडा पाच घ्यावी. व्यापारी काय करील? बाहेरचा माल आधी जळगावात उतरवील आणि तिथून तो फुकटात धुळ्याला नेईल. मग धुळ्याच्या नाक्यावर ‘हा माल जळगावातच तयार झाला याचा दाखला दाखवा’ असे विचारावे लागेल. हे झाले मुक्त व्यापार क्षेत्र, आणि तो दाखला म्हणजे उत्पत्तीचा दाखला. दाखल्याची कटकट नको असेल तर दोन्ही शहरांनी बाहेरच्या मालावर सारखीच जकात ठरवावी. हा सीमाशुल्क संघ. त्यात कटकट जाते, पण त्याबरोबर एकट्याने दर कमी करण्याची मोकळीकही जाते.

दोन गटांची तुलना करताना ही मोकळीक कोणाकडे किती उरली आहे हे तपासावे. एफ्टात आज आइसलँड, लिक्टेनस्टाइन, नॉर्वे आणि स्वित्झर्लंड एवढेच चार देश उरले आहेत. त्यांची सामायिक सीमाशुल्क भिंत नाही, तरी त्यांनी मिळून भारताशी मार्च २०२४ मध्ये व्यापार करार केला आणि तो १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. दक्षिण अमेरिकेतला मर्कोसुर १९९१ च्या असुन्सियोन करारातून निघाला. त्याने सदस्यांनी बाहेरच्यांशी शुल्कसवलतीच्या वाटाघाटी एकत्रच कराव्यात असा निर्णय २००० मध्ये घेतला. उरुग्वेसारखा छोटा सदस्य या नियमाखाली वर्षानुवर्षे धुसफुसतो आहे. लॅटिन अमेरिकेतच २०११ मध्ये चिली, पेरू, कोलंबिया आणि मेक्सिको यांनी पॅसिफिक आघाडी काढली, ती मोकळ्या हाताची. या दोघांत ‘अधिक प्रगत’ कोण, असे विचारले तर पायऱ्यांच्या हिशेबाने मर्कोसुर वरच्या पायरीवर आहे. पण वरची पायरी म्हणजे चांगली पायरी असे कोणी ठरवले? चिलीला विचारा आणि ब्राझीलला विचारा, उत्तरे वेगळी मिळतील.

आपल्या रावेर-यावलच्या केळीला आखाती बाजार जवळचा असल्यामुळे आखाती सहकार्य परिषदेचा दाखलाही मी देतो. सहा देशांनी १९८१ मध्ये काढलेली ही परिषद २००३ पासून सीमाशुल्क संघ आहे आणि बहुतेक मालावर तिचे बाहेरचे शुल्क शेकडा ५ आहे. कागदावर ती सार्कच्या कितीतरी पुढे. तरी जून २०१७ मध्ये सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि बहारीन यांनी आपल्याच गटातल्या कतारची कोंडी केली, कतारची एकमेव जमिनी सीमा बंद झाली, आणि ती उघडायला जानेवारी २०२१ उजाडले. कुवेत आणि ओमान त्या कोंडीत सामील झाले नाहीत. पायरी कितवी आहे याबरोबरच, भांडण झाले तेव्हा पायरीने काही आवरून धरले का, हेही नोंदवावे लागते ते यासाठी.

एक वस्तू धरा आणि तिच्या मागे सीमेपर्यंत जा

आता आजोबांचा प्रश्न. मी त्या विद्यार्थिनीला सांगितले की तक्ता बाजूला ठेव, आणि आपल्या जिनिंगमधून निघालेली गाठ गिरणीत सूत झाली व ते सूत बांगलादेशाला निघाले असे धरून कागद जमव. बांगलादेशच निवडायचे कारण असे की तो भारतीय कापूस आणि सुताचा मोठा ग्राहक आहे, सार्कची कल्पना ज्यांनी मांडली ते झिया उर रहमान तिथलेच, बिमस्टेकचे सचिवालयही २०१४ पासून ढाक्यातच आहे, आणि तो दोन्ही गटांत आहे. दोन गटांपैकी कोणाचा काही उपयोग दिसायचा असेल तर तो इथे दिसला पाहिजे.

पहिला थांबा शुल्काचा. सार्कचा मुक्त व्यापार करार, म्हणजे साफ्टा, जानेवारी २००४ मध्ये इस्लामाबादेत झाला आणि १ जानेवारी २००६ पासून अमलात आला. त्याखाली भारताने अल्पविकसित शेजाऱ्यांसाठी आपली संवेदनशील यादी (म्हणजे सवलत न मिळणाऱ्या वस्तूंची यादी) २०११ मध्ये २५ वस्तूंपर्यंत खाली आणली, त्यामुळे बांगलादेशचे कपडे भारतात शुल्काविना येऊ लागले. बिमस्टेकच्या मुक्त व्यापाराचा आराखडा २००४ मध्येच सही झाला, पण त्यातून अजून करार निघालेला नाही. म्हणजे शुल्काच्या थांब्यावर ‘मेलेला’ म्हणवला जाणारा सार्क पुढे आणि ‘जिवंत’ बिमस्टेक मागे. आमचे सूत मात्र उलट्या दिशेने जाते. बांगलादेशातले निर्यातदार कारखाने कच्चा माल बाँडेड गोदामांच्या सवलतीखाली, म्हणजे निर्यातीच्या अटीवर आयात शुल्क न भरता, आणतात, त्यामुळे सुताला साफ्टाची फारशी गरजच पडत नाही. ही बारीकशी गोष्ट सापडायला तिला तीन दिवस लागले आणि तिचे अर्धे उत्तर इथेच तयार झाले.

दुसरा थांबा फाटकाचा. ४ एप्रिल २०२५ रोजी बँकॉकला बिमस्टेकची सहावी शिखर परिषद झाली. तिथे सागरी वाहतुकीचा करार झाला, आणि भारताचे पंतप्रधान व बांगलादेशचे मुख्य सल्लागार, म्हणजे तेव्हाच्या अंतरिम सरकारचे प्रमुख, यांची भेटही झाली. ८ एप्रिलला भारताने बांगलादेशचा माल आपल्या बंदर-विमानतळांवरून तिसऱ्या देशांत नेण्याची सोय काढून घेतली. एप्रिलच्या मध्यात बांगलादेशने भारतीय सुताची जमिनी मार्गाने होणारी आयात थांबवली, आणि त्यात पश्चिम बंगालमधल्या पेट्रापोलसमोरचे बेनापोलचे नाकेही आले. १७ मे रोजी भारताने बांगलादेशचे तयार कपडे जमिनी नाक्यांवरून घेणे बंद केले. सूत समुद्रमार्गे जाऊ शकत होते आणि कपडेही ठरावीक बंदरांतून येऊ शकत होते. म्हणजे व्यापार तुटला नाही. त्याची वाट लांबली आणि भाडे वाढले. हे सगळे आदेश त्या त्या राजधानीच्या सीमाशुल्क, महसूल आणि परकीय व्यापार खात्यांचे होते. त्यांतला एकही निर्णय सार्कच्या किंवा बिमस्टेकच्या बैठकीत झालेला नव्हता, आणि हा क्रम लावताना शिखर परिषद आणि पहिला आदेश यांत चार दिवसांचे अंतर आहे हे तिने स्वतः मोजून दाखवले.

अशी एक वस्तू निवडताना दोन पथ्ये पाळावीत. वस्तू अशी घ्यावी की जिच्याबद्दल आपल्याला आधीच काही ठाऊक आहे. खान्देशात कापूस किंवा केळी, सोलापुरात चादर, कोकणात मासळी. आणि प्रत्येक थांब्यावर ‘हा नियम कोणाचा?’ हे विचारावे. गटाचा, दोन देशांच्या कराराचा, की एकट्या देशाचा?

आकड्यांची फसगत

इथे माझीच चूक सांगतो. कित्येक वर्षे मी वर्गात सांगत असे की नेपाळचा निम्म्याहून अधिक व्यापार भारताशी आहे, हे साफ्टाचे फळ. एका विद्यार्थ्याचा भाऊ मालवाहतुकीच्या धंद्यात होता. त्याने विचारून आणले की तो माल साफ्टाच्या दाखल्यावर जातच नाही. नेपाळशी आपला व्यापार स्वतंत्र द्विपक्षीय करारावर चालतो आणि त्याची मुळे १९५० पर्यंत जातात. भूतानशी मुक्त व्यापार १९७२ पासूनच्या करारावर आहे. श्रीलंकेशी १९९८ मध्ये सही झालेला मुक्त व्यापार करार १ मार्च २००० पासून चालू आहे, साफ्टाच्या सहा वर्षे आधीपासून. गटातल्या देशांत व्यापार होतो म्हणून तो गटामुळे होतो असे धरणे ही या विषयातली सर्वांत सामान्य चूक आहे. मी ती निदान पाच तुकड्यांना शिकवली.

दुसरा आकडा नेहमी फेकला जातो तो गटांतर्गत व्यापाराच्या वाट्याचा : दक्षिण आशियात एकूण व्यापाराच्या सुमारे ५ टक्के, आग्नेय आशियाई देशांच्या आसियानात २० ते २५ टक्के, युरोपीय संघात निम्म्याहून जास्त. आकडे ढोबळमानाने बरोबर आहेत. पण त्यांचा अर्थ लावताना सदस्यांचे आकारमान पाहावे. सार्कच्या उत्पन्नाचा सिंहाचा वाटा भारताचा, आणि भारताचे मोठे ग्राहक अमेरिका, युरोप, आखात हे असल्यामुळे गटाची सरासरी भारताच्या दिशेने ओढली जाते. त्याच सरासरीच्या पोटात नेपाळ आणि भूतान यांच्या व्यापारी आयुष्याचा मोठा भाग सामावलेला असतो. रावेरचा केळी उत्पादक सकाळी उठून बऱ्हाणपूरचा भाव पाहतो, पण जाहीर भाव वेगळा आणि बांधावर हातात पडणारा भाव वेगळा, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. गटाची सरासरी हा जाहीर भाव आहे. प्रत्येक सदस्याचा स्वतंत्र आकडा काढल्याशिवाय बांधावरचा भाव कळत नाही.

‘मृत’ आणि ‘जिवंत’ हे शब्द जपून

उरी येथील हल्ल्यानंतर नोव्हेंबर २०१६ ची इस्लामाबाद परिषद बारगळली आणि तेव्हापासून सार्कची शिखर परिषद झालेली नाही. म्हणून सार्क संपला असे लिहिण्याची घाई होते. पण भारतीय रिझर्व्ह बँकेची सार्क देशांसाठीची चलन अदलाबदल व्यवस्था, म्हणजे अडचणीत थोड्या काळासाठी परकीय चलन देण्याची सोय, २०१२ पासून चालू आहे. तिच्याखाली श्रीलंकेने जानेवारी २०२२ मध्ये ४० कोटी डॉलर उचलले, ऐन आर्थिक संकटाच्या तोंडावर. ऑक्टोबर २०२४ मध्ये मालदीवनेही तिचा आधार घेतला, आणि मालदीव बिमस्टेकमध्ये नाही. दिल्लीतले दक्षिण आशियाई विद्यापीठ २०१० पासून चालू आहे. अर्थात अदलाबदलीतला पैसा एकट्या भारताचा आहे आणि प्रत्येक देशाशी करार स्वतंत्र होतो, त्यामुळे त्यावर सार्कचे नाव कितपत हक्काने लावायचे, हा वादाचा मुद्दा आहे. मी ते अर्धेच श्रेय देतो.

उलट बिमस्टेकच्या परिषदांची वर्षे लिहून पाहा : २००४, २००८, २०१४, २०१८, २०२२, २०२५. दर दोन-तीन वर्षांनी भेटणे तर सोडाच, सचिवालय यायला १७ वर्षे आणि सनद यायला २५ वर्षे लागली. गटाचे वय त्याच्या स्थापनेपासून न मोजता त्याला स्वतःचे कार्यालय आणि स्वतःचा कायदा मिळाला तेव्हापासून मोजावे, अशी सूचना मी करतो. त्या मोजणीने बिमस्टेक अजून बालवाडीत आहे. त्याच्याकडून आसियानच्या फळांची अपेक्षा करणे अन्याय होईल. आसियानलासुद्धा १९६७ पासून २००८ पर्यंत सनदेविना काढावे लागले होते.

नव्या गटाची बातमी आली तर तीन गोष्टी शोधाव्यात : सही झालेला कागद, कार्यालयाचा पत्ता, पैशाची तरतूद. जून २०२५ मध्ये कुनमिंगला चीन, पाकिस्तान आणि बांगलादेश यांची बैठक झाली आणि सार्कच्या जागी नवा गट येतो आहे अशी चर्चा वृत्तपत्रांत रंगली. ढाक्याने ही आघाडी असल्याचे नाकारले. अशा वेळी बातमी वहीत पेन्सिलीने लिहावी.

निष्कर्षाचे वाक्य

‘बिमस्टेक सार्कपेक्षा अधिक परिणामकारक आहे’ हे वाक्य मी खोडतो. ते खोटे असेलच असे नाही, पण ते कोणाच्या दृष्टीने, कोणत्या कामासाठी आणि कधीपर्यंत खरे आहे हे त्यात नाही. दिल्लीला ईशान्य भारतातून थायलंडकडे रस्ता हवा आहे, म्हणून बिमस्टेक सोयीचा. काठमांडूत सार्कचे सचिवालय आहे, अध्यक्षपदही २०१४ पासून नेपाळकडेच अडकून पडले आहे, त्यामुळे नेपाळी राजनेते सार्क जागा करण्याची भाषा करतात. मालदीवसाठी तर दुसरा पर्यायच नाही. एकाच जोडीची तुलना या तीन राजधान्यांतून तीनदा लिहून पाहिली की पहिल्या वहीतला तक्ता किती एकांगी होता ते कळते, आणि तो दिल्लीतून लिहिलेला होता हेही कळते.

त्या विद्यार्थिनीचे दुसरे उत्तर अर्ध्या पानाचे झाले. त्यात लिहिले होते की भारतीय सुताच्या बाबतीत मे २०२५ अखेर दोन्ही गटांच्या कागदांनी काही दिले नाही आणि काही अडवलेही नाही. बांगलादेशी कपड्यांना सार्कच्या कागदाने शुल्कात सवलत दिली, पण जमिनीवरचे फाटक त्या कागदाच्या हातात नव्हते. आणि बिमस्टेकच्या सागरी कराराचा सुताला उपयोग होतो का, हे तो करार प्रत्यक्ष लागू होऊन जहाजाचे भाडे उतरल्यावर पाहावे लागेल. तिने ते आजोबांना वाचून दाखवले. त्यांनी विचारले की समुद्राचे वाढीव भाडे गिरणीवाला सोसतो की ते कापसाच्या भावातून कापतो. तो प्रश्न तिने वहीच्या पुढच्या कोऱ्या पानावर लिहून आणला आहे, आणि सध्या ती जिनिंगवाल्यांकडे हेलपाटे घालते आहे.